ग्रीस-रोमचा अभ्यास घरबसल्या: कुठून सुरू करावा, काय वाचावं, काय पाहावं

ग्रीक आणि रोमन जगाचा अभ्यास करायचा म्हटलं की बहुतेक जण एक जाडजूड इतिहास मागवतात, पहिली साठ पानं होमरच्याही आधीच्या मिनोअन आणि मायसिनियन संस्कृतीत घालवतात आणि तिथेच थांबतात. सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. होमरपासून इ.स. ४७६ मध्ये रोमच्या पश्चिमेकडच्या शेवटच्या सम्राटाला पदच्युत केलं गेलं तोपर्यंतचा काळ बाराशे वर्षांच्या आसपास जातो. तो सलग वाचून डोक्यात राहत नाही. माझा सल्ला उलटा आहे. पन्नास-पाऊणशे वर्षांचा एक तुकडा निवडा आणि त्या तुकड्यातलं लिखाण, त्यातल्या वस्तू आणि त्यातल्या घटना एकत्र लावून बघा. साहित्य एका वर्षी, कला दुसऱ्या वर्षी, इतिहास त्यानंतर, अशी विभागणी विद्यापीठांच्या सोयीची आहे, वाचकाच्या नव्हे.

खाली तीन फेऱ्या सुचवल्या आहेत: ॲथेन्स, रोम आणि मग आपला कोकण-दख्खन. रोज तासभर दिला तर एका फेरीला चार-पाच महिने धरा. त्याआधी थोडी तयारी लागते.

आधी तीन सवयी

पहिली सवय संदर्भ वाचण्याची. प्राचीन ग्रंथांचे संदर्भ पानांनी देत नाहीत, कारण प्रत्येक आवृत्तीचं पान वेगळं. 'थुसिडिडीस २.४७' म्हणजे ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसच्या दुसऱ्या खंडातलं ४७ वं प्रकरण, मग आवृत्ती कोणतीही असो. काव्यात आणि नाटकात ओळींचे क्रमांक असतात. प्लेटोचे संदर्भ १५७८ मध्ये छापलेल्या स्टेफानसच्या आवृत्तीच्या पानांवरून दिले जातात, म्हणून '१७अ' असा आकडा आणि अक्षर दिसतं. हे एकदा कळलं की कुठल्याही लेखातला दावा मूळ ग्रंथात दोन मिनिटांत तपासता येतो. म्हणून भाषांतर घेताना कडेला ओळींचे किंवा प्रकरणांचे आकडे आहेत का ते आधी बघा. नसतील तर ते पुस्तक अभ्यासाच्या कामाचं नाही, भाषा कितीही सुंदर असो.

दुसरी सवय तारखांची. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळे इ.स.पू. ४९० मधल्या मॅरेथॉनच्या लढाईला २,५०० वर्षं २०१० मध्ये नाही, २०११ मध्ये पूर्ण झाली. शिवाय ॲथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू व्हायचं, म्हणून पुस्तकांत '४११/१०' असं दिसतं. आपण आर्थिक वर्ष २०२३-२४ लिहितो तसंच ते आहे, छपाईची चूक नव्हे.

तिसरी सवय सगळ्यात महत्त्वाची: सांगणारा घटनेनंतर किती वर्षांनी सांगतोय, हे प्रत्येक वेळी वहीत लिहायचं. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला. त्याच्या मोहिमांचा सर्वांत भरवशाचा समजला जाणारा वृत्तान्त एरिअनचा आहे आणि तो इ.स.च्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतरचा. एरिअनने जुने, आता हरवलेले वृत्तान्त वापरले, म्हणून त्याला किंमत आहे. पण पोरस आणि अलेक्झांडरचा तो प्रसिद्ध संवाद प्रत्यक्ष ऐकलेल्या माणसाने लिहिलाय असं समजून वाचू नका. वहीत चार रकाने पुरतात: घटना, सांगणारा, मधलं अंतर, आणि त्याला सांगण्यात काय रस होता.

मजकुरासाठी खर्च करायची गरज फारशी नाही. टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस हे ऑनलाइन ग्रंथालय मोफत आहे. तिथे मूळ मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि मूळ शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण असं सगळं मिळतं. लॅकस कर्टिअस या संकेतस्थळावर प्लूटार्क, सुएटोनिअस, डिओ वगैरे प्राचीन लेखक इंग्रजीत आहेत. लोएब ग्रंथमालेत डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. ग्रीक हिरव्या बांधणीत, लॅटिन लाल. पुस्तकं महाग आहेत, पण जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरची भाषांतरं उघडताना एक लक्षात ठेवा: ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहेत. सॅम्युअल बटलरच्या होमरमध्ये झ्यूसचा जोव्ह होतो, अथीनाची मिनर्व्हा आणि ओडिसियसचा युलिसिस. ग्रीक काव्यात रोमन देव कुठून आले म्हणून डोकं खाजवू नका.

होमर: फेरी सुरू होण्याआधीची शिदोरी

पाचव्या शतकातला ॲथेन्सकर होमर लहानपणापासून ऐकत आलेला असे, म्हणून होमरला टाळता येत नाही. पण ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या 'इलियड' या महाकाव्याच्या २४ सर्गांतल्या पंधरा हजारांहून अधिक ओळी पहिल्याच झटक्यात वाचायची सक्ती नाही. १, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ हे सर्ग वाचा. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी बिनदिक्कत वगळा. लाकडी घोडा शोधत बसू नका, तो 'इलियड'मध्ये नाहीच. अकिलीसचा मृत्यूही नाही. काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोड्याची गोष्ट 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात थोडक्यात आणि रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गात सविस्तर येते. चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रिआम आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या हातांचं चुंबन घेतो. तेवढा प्रसंग दोन वेगवेगळ्या भाषांतरांत शेजारी ठेवून वाचा. भाषांतरकार काय करू शकतो आणि काय नाही, याची इतकी चांगली शिकवणी दुसरी नाही.

पहिली फेरी: ॲथेन्स, इ.स.पू. ४८० ते ३९९

ग्रीक आणि पर्शियन यांच्यातल्या सलामिसच्या आरमारी लढाईपासून सॉक्रेटिसच्या मृत्यूपर्यंतचा हा पट्टा. सुरुवात सलामिसने करा, कारण एकाच घटनेचे दोन जुने वृत्तान्त इथे हाताशी आहेत. एस्किलसचं 'पर्शियन्स' हे नाटक इ.स.पू. ४७२ मध्ये, लढाईनंतर आठच वर्षांत रंगभूमीवर आलं. आज उपलब्ध असलेलं हे सर्वांत जुनं ग्रीक नाटक. इतिहासकार हिरोडोटसचा आठवा खंड त्यानंतर काही दशकांनी लिहिलेला. एस्किलसचा दूत ग्रीक जहाजं ३१० सांगतो. हिरोडोटस शहरवार यादी देतो आणि शेवटी बेरीज सांगतो ३७८. आता कागद-पेन घेऊन ८.४३ ते ८.४८ मधले आकडे स्वतः मिळवा. बेरीज ३६६ येते. बारा जहाजं कुठे गेली यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय, ते नंतर वाचता येईल. आधी स्वतः बेरीज करा. यानंतर प्राचीन इतिहासकाराने दिलेला आकडा तुम्ही कधीच डोळे मिटून घेणार नाही, आणि त्याला खोटारडाही म्हणणार नाही.

पुढे थुसिडिडीस, ॲथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहासकार. त्याचे आठही खंड वाचायची गरज नाही. १.२२ आधी वाचा, तिथे तो आपली पद्धत सांगतो: भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून एकंदर आशयाला धरून, प्रसंगाला जे बोलणं योग्य वाटलं ते लिहिलं. हे डोक्यात ठेवून मगच २.३५ ते २.४६ मधलं, ॲथेन्सचा नेता पेरिक्लीस याने युद्धात मेलेल्यांच्या अंत्यविधीत केलेलं भाषण आणि लगेच त्याला लागून असलेलं साथीचं वर्णन (२.४७ ते २.५४) वाचा. ॲथेन्सच्या थोरवीचं गाणं संपतं न संपतं तोच माणसं रस्त्यावर मरायला लागतात. ही मांडणी लेखकाची आहे, आणि तो स्वतः त्या साथीत आजारी पडून वाचलेला होता. पुढे सेनापती म्हणून अपयश आल्यावर त्याला वीस वर्षं हद्दपारी झाली. चौथ्या रकान्यात हे लिहायचं.

मग पाचव्या खंडातली ८४ ते ११६ ही प्रकरणं. इ.स.पू. ४१६ मध्ये ॲथेन्सने मेलॉस या छोट्या बेटाला वेढा घातला, बेट पडल्यावर हाती लागलेले पुरुष मारले आणि बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. हल्ल्याआधी दोन्ही बाजूंची बोलणी थुसिडिडीसने नाटकातल्या संवादासारखी लिहिली आहेत. ती वाचून झाल्यावर युरिपिडीसचं 'ट्रोजन विमेन' घ्या. ते पुढच्याच वसंतात, इ.स.पू. ४१५ मध्ये झालं आणि त्यात पडलेल्या शहरातल्या बायकांची वाटणी चालू आहे. मेलॉसवरचाच हा निषेध, असं अनेक प्रस्तावनांत ठामपणे लिहिलेलं असतं. काही अभ्यासकांना ते पटत नाही: बेट हिवाळ्यात पडलं, नाटक वसंतात झालं, एवढ्या थोड्या वेळात नाटक लिहून, बसवून कसं झालं असेल? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, तरी प्रेक्षकांना मेलॉस आठवलं नसेल हे मात्र मला पटत नाही. तुमचं मत काय ते एका पानात लिहून काढा. नुसतं वाचत राहणं आणि अभ्यास करणं यांत फरक पडतो तो अशा पानांनी.

सॉफोक्लीसची 'अँटिगनी' आणि 'ईडिपस' ओघाने येतीलच. इथे मराठी वाचकाची सोय आहे. 'ईडिपस' पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं आणि ज्या ग्रंथात ॲरिस्टॉटल या नाटकाचे पुन्हापुन्हा दाखले देतो ते काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलं. दोन्ही जवळ ठेवून वाचा. आणि हेही जाणून असा की सॉफोक्लीसने शंभराहून जास्त नाटकं लिहिली, त्यांतली पूर्ण अशी सातच उरली. 'ग्रीक नाटक असं असतं' हे वाक्य लिहायच्या आधी ते आठवावं.

फेरीच्या शेवटी प्लेटोची 'अपॉलॉजी', म्हणजे खटल्यातलं सॉक्रेटिसचं बचावाचं भाषण. दोन बैठकांत होते.

वस्तू कशी बघायची

कलेच्या बाबतीत लोक शैलींची नावं पाठ करतात आणि पुतळ्याकडे बघत नाहीत. त्याऐवजी आठवड्याला एक वस्तू घ्या. ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट, लूव्र यांच्या संकेतस्थळांवर मोठी छायाचित्रं मोफत आहेत. दहा मिनिटं मजकूर न वाचता बघा, काय दिसतं ते लिहा, मग नोंद वाचा. नोंदीत कालखंडाच्या आधी 'कुठे सापडलं' हे बघायचं. ॲथेन्समध्ये घडलेली कितीतरी मातीची भांडी इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडली आहेत. म्हणजे ती निर्यातीचा माल होती, आणि त्यांच्यावरच्या चित्रांवरून अथेनियन घरातलं जीवन सांगताना जरा जपून. फ्लॉरेन्समधलं फ्रान्स्वा भांडं हे यातलं नामांकित उदाहरण, इ.स.पू. ५७० च्या आसपासचं. घडवणाऱ्याची आणि रंगवणाऱ्याची, दोघांचीही सही त्याच्यावर आहे. (१९०० मध्ये संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्याने स्टूल फेकून त्याचे ६३८ तुकडे केले. ते पुन्हा जोडलंय.) सापडल्याचं ठिकाणच नोंदीत नसेल तर वस्तू चोरट्या उत्खननातून आली असण्याची शक्यता असते, आणि मग तिच्यावरून इतिहास सांगणं कठीण होतं.

पुतळ्यांबद्दल दोन गोष्टी. एक, ते पांढरे नव्हते, रंगवलेले होते. दोन, पाचव्या शतकातल्या नामवंत शिल्पकारांचं काम बरंचसं कांस्यात होतं आणि ते कांस्य पुढच्यांनी वितळवलं. आपण संग्रहालयात 'मायरॉनचा थाळीफेक्या' म्हणून जे बघतो ती नंतरची रोमन काळातली संगमरवरी नक्कल. ओळखायची खूण सोपी आहे: पायाजवळ झाडाचा बुंधा. कांस्याला असल्या टेकूची गरज नसते, दगडाला लागते. पार्थेनॉन मात्र मूळचंच काम, इ.स.पू. ४४७ ते ४३२. त्याची शिल्पपट्टी सुमारे १६० मीटर लांब होती. तिचे मुख्य भाग आज ॲथेन्स आणि लंडन असे वाटले गेले आहेत, आणि ते लंडनला कसे गेले याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

दुसरी फेरी: रोम, इ.स.पू. ६३ ते इ.स. १४

इथे वाचायला इतकं आहे की निवड करावीच लागते. सिसेरोची पत्रं आधी घ्या. नऊशेच्या आसपास उरली आहेत, त्यांतली मित्र ॲटिकसला लिहिलेली तीस-चाळीस पुरेत. प्राचीन जगातला राजकारणी रोजच्या रोज घाबरताना, फुशारकी मारताना, बेत बदलताना इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही. मग सीझरच्या खुनाचं वर्णन प्लूटार्ककडून, आणि 'ईनिड'चे १, २, ४ आणि ६ हे सर्ग. इतिहासकार लिव्हीला या फेरीत हात लावू नका. १४२ खंडांतले ३५ च उरलेत, पण तेही पुष्कळ आहेत.

या फेरीचा गाभा मात्र एका सरावात आहे. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कॅरीच्या रणांगणात इराणच्या पार्थियनांनी कापून काढलं आणि रोमन ध्वजचिन्हं हिसकावून नेली. इ.स.पू. २० मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याने ती परत मिळवली. लढाई न करता, वाटाघाटींतून. आता चार साक्षी एकमेकींशेजारी मांडा.

पहिली, ऑगस्टसचं स्वतःचं कार्यवृत्त, 'रेस गेस्टे', प्रकरण २९. त्यात तो म्हणतो की पार्थियनांना मी ध्वज परत द्यायला आणि रोमन जनतेच्या मैत्रीची याचना करायला भाग पाडलं. रोममधले मूळ कांस्यलेख गेले. आपण वाचतो तो मजकूर मुख्यतः आजच्या अंकाराच्या एका देवळाच्या भिंतीवरून मिळाला. दुसरी, त्या वेळची चांदीची नाणी: गुडघे टेकून ध्वज पुढे करणारा पार्थियन. तिसरी, रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे १८६३ मध्ये सापडलेला ऑगस्टसचा पुतळा, सध्या व्हॅटिकनमध्ये. त्याच्या छातीच्या चिलखतावर मधोमध नीट बघा: दाढीवाला पार्थियन उभा राहून ध्वज देतोय. गुडघे टेकलेले नाहीत. आजूबाजूला आकाश, पृथ्वी, सूर्य, म्हणजे सारं विश्व साक्षीला. पायाशी डॉल्फिनवर बसलेला, व्हीनसचा मुलगा मदन, कारण हे घराणं स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवायचं. आणि एवढं चिलखत घातलेला माणूस अनवाणी आहे, देवांच्या आणि वीरांच्या पुतळ्यांसारखा. चौथी साक्ष, दोनशेहून अधिक वर्षांनंतरच्या इतिहासकार डिओची (५४.८). तो लिहितो की ऑगस्टसने ते ध्वज जणू युद्धात जिंकल्यासारखे स्वीकारले.

नाण्यावरचा पार्थियन गुडघे टेकतो, पुतळ्यावरचा का टेकत नाही? नाणं कुणाच्या हातात जायचं, पुतळा कुणाच्या घरात होता, तो मूळ आहे की नंतरची नक्कल? या प्रश्नांवर दोन पानं लिहा. एवढं जमलं की साहित्य, कला आणि इतिहास वेगवेगळे शिकायची गरज का नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ऐकायची सवय असेल तर येल विद्यापीठाच्या मोफत व्याख्यानमाला आहेत: ग्रीक इतिहासावर डोनाल्ड केगन, रोमन वास्तुकलेवर डायना क्लायनर. केगन यांची मतं ठाम असतात, तेवढं धरून ऐका.

तिसरी फेरी: पैठण, तेर, कल्याण

हा भाग मराठी वाचकाने सोडला तर नवल. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीक जाणणाऱ्या, बहुधा इजिप्तमधल्या, एका निनावी व्यापाऱ्याने तांबड्या आणि अरबी समुद्रांतल्या व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. ६६ छोटी प्रकरणं, एका रविवारी संपते. विल्फ्रेड शॉफ यांचं १९१२ चं भाषांतर फुकट मिळतं. लायनेल कॅसन यांचं १९८९ चं जास्त भरवशाचं आहे.

४८ ते ५३ ही प्रकरणं नकाशा समोर ठेवून वाचा. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणहून गोमेदासारखा दगड, तगरहून साधं आणि तलम कापड, सगळं गाड्यांवर लादून भडोचला जायचं. उलट बाजूने यायची दारू (इटलीची आधी), तांबं, कथील, शिसं, पोवळं. प्रकरण ५२ मध्ये राजकारण आहे: कल्याणचं बंदर पूर्वी खुलं होतं, आता तिथे ग्रीक जहाज चुकून शिरलं तर पहारा बसवून भडोचला पाठवतात. क्षत्रप राजा नहपान आणि सातवाहनांच्या झगड्याची ही परक्या व्यापाऱ्याने केलेली नोंद. तिच्याजोडीला रोमन लेखक प्लिनीची तक्रार (६.१०१) वाचा, की भारत दरवर्षी साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. आकड्याची खात्री देता येत नाही, चिडचिडीची देता येते.

वस्तूंसाठी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथली. तेरला लामतुरे संग्रहालय आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं छायाचित्र नेपल्सच्या संग्रहालयातल्या, पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशेजारी ठेवून बघा. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, तेव्हा ती मूर्ती त्याआधीच इथून तिथे पोचलेली असणार. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर 'यवन' दात्यांचे लेख आहेत. ते ग्रीकच होते असं धरून चालू नका, कारण त्यांची नावं भारतीय वळणाची आहेत आणि 'यवन' म्हणजे नेमकं कोण यावर वाद आहे. तसंच खापरांचं. भारतात 'रोमन मद्यकुंभ' म्हणून नोंदलेले बरेच तुकडे पुढे तपासल्यावर इराणी आखाताकडच्या भांड्यांचे निघाले. जुना उत्खनन अहवाल वाचताना त्याच्या सालाकडे लक्ष असू द्या.

भाषा शिकायची का?

पहिल्या वर्षी नाही. गोडी टिकली तर जरूर. आणि शाळेत संस्कृत झालं असेल तर ग्रीकला घाबरायचं कारण नाही. द्विवचन आहे, आत्मनेपदाच्या जवळचा प्रयोग आहे, भूतकाळात क्रियापदाच्या आधी 'अ' लागतो तसा तिथे 'ए' लागतो. 'ददामि'ला 'दिदोमि', 'दधामि'ला 'तिथेमि'. लॅटिनला लिपीचा त्रास नाही आणि द्विवचनही नाही, म्हणून घाई असेल तर लॅटिन आधी. लॅटिनसाठी ऑर्बर्ग यांचं पाठ्यपुस्तक पहिल्या ओळीपासून लॅटिनमध्येच आहे. व्याकरणाचे तक्ते आवडणाऱ्यांनी व्हीलॉक घ्यावं. संस्कृतवाल्यांना सहसा दुसरं मानवतं. रोज अर्धा तास, सुट्टी न घेता. वर्षभराने लॅटिनमध्ये सीझर किंवा ग्रीकमध्ये झेनोफन कोशाच्या मदतीने वाचता यायला लागतो, दिवसाला पाच-सहा ओळी या वेगाने. तोवर एक करा: 'रेस गेस्टे'चं २९ वं प्रकरण पर्सियसवर लॅटिनमध्ये उघडा आणि एकेक शब्दावर टिचकी मारत जा. मजकूर जेमतेम चार ओळींचा आहे आणि विषय तुमच्या ओळखीचा.